सांग त्यांना

“सांग त्यांना, आमटीत मीठ बरोबर पडलंय. वरनं घेऊ नका म्हणावं,” माई म्हणाल्या.

त्यांना म्हणजे अण्णांना, माझ्या सासऱ्यांना. माई तव्यावर भाकरी भाजत होत्या आणि अण्णा तव्यापासून हातभर अंतरावर पाट मांडून जेवत होते. माईंनी नुसता हात लांब केला असता तर अण्णांच्या हातातली मिठाची बरणी त्यांना काढून घेता आली असती. पण तसं झालं नाही. मी स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला लसूण सोलत होते, तिथून उठले आणि निरोप पोचवला.

“अण्णा, मीठ बरोबर आहे म्हणतात माई. बरणी खाली ठेवा, नाहीतर आमटी परत नेतील.”

शेवटचं वाक्य माझ्या पदरचं होतं. तेवढी सूट मी हल्ली घेत असे.

अण्णांनी बरणी ठेवली. “सांग तिला, मीठ मी काकडीसाठी घेत होतो. काकडीवर डॉक्टरांनी अजून बंदी घातलेली नाही.”

“माई, मीठ काकडीला हवं होतं. बिचारे आमटीकडं बघतसुद्धा नव्हते.”

“मग सांग त्यांना, काकडीला मी मीठ लावूनच ठेवलंय. खाऊन बघायच्या आधी तक्रार करायची सवय स्टँडावरच ठेवून यायची होती म्हणावं.”

आता माझ्या सुनेला हे सांगितलं की तिला वाटतं, मी रंगवून सांगते. रंगवून सांगायची खोड मला आहेच. पण ती मला त्याच घरात लागली.

घर फलटणला होतं, लक्ष्मीनगरच्या बाजूला, भोइट्यांचं. अण्णा एसटीच्या स्टँडावर कंट्रोलर होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. सगळा जन्म लाऊडस्पीकरवरून गाड्या पुकारण्यात गेल्यामुळे घरातही ते कुठल्याही माणसाशी बोलताना गावाशी बोलल्यासारखे बोलत. माईंचा आवाज त्यांच्याहून वरचा. मी त्या घरात आले ती माझी आई गेली त्याच वर्षात. वर्षाच्या आत लग्न उरकलं नाही तर पुढं तीन वर्षं थांबावं लागतं, आणि माझ्या वडिलांना थांबायचं नव्हतं. कोल्हापूरला मानसशास्त्राच्या एम. ए.चा शेवटचा पेपर दिला, हॉस्टेलवरून ट्रंक आणली आणि अंगाला हळद लावून घेतली. नाव वैजयंती, सासरी त्याचं वैजू झालं.

या गोष्टीच्या वेळी मला तिथं येऊन दीडेक वर्ष झालं असेल. ही दोघं माझ्या देखत एकमेकांशी एक शब्दही थेट बोलत नाहीत, हे माझ्या ध्यानात यायला बराच वेळ लागला होता. एकदा आलं, आणि मग मात्र मला दुसरं काही दिसेना. आम्हाला दाभोळेबाई शिकवायच्या, की दोन माणसांना एकमेकांशी बोलणं जड जातं तेव्हा ती तिसऱ्याला मध्ये ओढून घेतात. वरून घर शांत दिसतं, पण तो मधला बिचारा अडकतो. त्याला हलता येत नाही, कारण तो हलला की दोघांमधलं जे काही साचलेलं आहे ते बाहेर येतं. बाई फळ्यावर त्रिकोण काढून दाखवायच्या. परीक्षेत मी हा प्रश्न सोडवला होता आणि चांगले मार्क मिळवले होते. आता तो त्रिकोण माझ्यासमोर भाकरी भाजत आणि काकडी खात बसला होता.

एरवी मी गंमत म्हणून सोडूनही दिलं असतं. पण त्याच आठवड्यात शेजारच्या घाडग्यांच्या फोनवर माझ्या मैत्रिणीचा निरोप आला, की रत्नागिरीच्या एका कॉलेजात मानसशास्त्राच्या अधिव्याख्यात्याची जागा मला मिळाली आहे आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर हजर व्हायचं आहे. मुलाखत मी माहेरी गेले असताना गुपचूप देऊन आले होते. मिळेल असं वाटलंच नव्हतं. घाडग्यांच्या ओट्यावर उभी राहून मी ते ऐकलं आणि मला इतका आनंद झाला की घरी येताना चप्पल तिथंच विसरले.

मला ती नोकरी हवी होती. मनापासून हवी होती. पण मी गेले तर या दोघांचं काय, हा प्रश्न काही सुटेना.

संध्याकाळी गच्चीवर वाळलेले कपडे काढताना मी शिरीषला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगितलं. खाली सगळ्यांसमोर त्याला अहो म्हणायचं आणि गच्चीवर तू, असं आमचं ठरलेलं होतं. तो विमा कंपनीत होता, बदली मागता येण्यासारखी होती, आणि माणूस एकंदरीत गुणी. तो म्हणाला, “मग जाऊ या की.”

“घरी कोण सांगणार?”

“तू.”

“मी? नको. तू सांग ना माईंना. मुलगा आहेस त्यांचा.”

“सांगतो. जरा वेळ बघून सांगतो.”

“आणि मी गेल्यावर ही दोघं बोलणार कशी?”

“कोण दोघं?”

“तुझे आईवडील! माझ्याशिवाय एकमेकांशी बोलतात का ते?”

शिरीषनं टॉवेलची घडी अर्धवट ठेवली. “बोलत नाहीत?”

“तुझ्या लक्षात आलं नाही?”

“घरात आवाज चालू असतो खरा. कोण कुणाशी बोलतंय याकडं मी कधी लक्ष दिलं नाही.”

“मी यायच्या आधी कसं होतं?”

“आवाज तेव्हाही होता,” तो म्हणाला.

मी बोट टाकीच्या पाण्यात बुडवून गच्चीच्या फरशीवर त्रिकोण काढला, तिन्ही कोपऱ्यांत नावं लिहिली आणि त्याला सगळं समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. “यात मी कुठाय?”

“तू बाहेर. कपडे काढतोयस.”

“बरंय,” तो म्हणाला आणि खाली गेला. त्रिकोण वाळून गेला.

मी ठरवलं की दिवाळीच्या आत या दोघांना बोलतं करायचं. उपाय पुस्तकात होता आणि सोपा होता. मधल्यानं मधून निघायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माई म्हणाल्या, “सांग त्यांना, पाणी तापलंय.”

“तुम्हीच सांगा ना माई. माझे हात पिठाचे आहेत.”

“तोंडाला पीठ लागलंय व्हय?”

मी पीठ मळत राहिले. अण्णा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. दार सताड उघडं होतं. माईंनी माझ्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं, आणि मग त्या कोपऱ्यातल्या देव्हाऱ्याकडं वळल्या. “देवा खंडेराया, पाणी तापलंय रे बाबा. गॅस काय फुकट येत न्हाई.”

बाहेर पेपरची घडी झाल्याचा आवाज आला. पाठोपाठ अण्णांचा स्टँडावरचा आवाज: “प्रवाशांनी लक्ष द्यावं. आंघोळीची गाडी दहा मिनिटं उशिरानं सुटेल.”

मला वाटलं, प्रगती आहे. मी मनातल्या मनात दाभोळेबाईंना कळवूनही टाकलं.

पण पुढच्या दिवसांत प्रगती त्याच थांब्यावर उभी राहिली. मी निरोप घेणं बंद केलं तशी दोघांनी दुसरे मधले शोधले. माई दूधवाल्याला सांगत, “आमच्यात एकांना साय लागते, दूध घट्ट घाल.” अण्णा खिडकीत येणाऱ्या मांजराला विचारत, “काय गं, आज वांगंच दिसतंय?” मांजर त्याच्या परीनं उत्तर देई. एकदा तर माईंनी भाजीवालीला थांबवून घेतलं आणि अण्णांनी कुठली औषधं घेतली नाहीत ते तिला तपशीलवार ऐकवलं. भाजीवालीनं मान हलवून दुखणं समजून घेतलं आणि मेथीची एक जुडी जास्त घातली. मी मात्र रडकुंडीला आले. दिवाळी जवळ येत होती आणि शिरीषची वेळ काही सापडत नव्हती. तो स्वयंपाकघराच्या दारात यायचा, “आई, वैजू म्हणत होती...” एवढं म्हणायचा, माई वळून बघायच्या, आणि हा “लाडू छान झालेत” म्हणून निघून जायचा. लाडू अजून वळलेलेही नसायचे.

मग मी मोठा डाव टाकला. नातेपुत्यात अण्णांच्या मावसभावाच्या नातवाचं लग्न होतं. ऐन वेळी मी डोकं धरून पलंगावर आडवी झाले, शिरीषला कामावर पिटाळलं आणि त्या दोघांनाच एसटीत बसवून दिलं. जाता-येता दीड-दीड तास एका बाकावर बसायचं म्हणजे बोलावं लागणारच, असा माझा हिशेब.

संध्याकाळी दोघं परत आली. माई पदरानं वारा घेत माझ्या उशाशी बसल्या. “अगं वैजू, काय सांगू! नवरदेवाचा फेटा एवढा मोठा, की आत नवरदेव हाय का न्हाई ते हाक मारून बघावं लागत होतं.” त्या हसून हसून लाल झाल्या.

त्या आत गेल्यावर अण्णा आले. खुर्ची ओढून बसले. “लग्न बरं झालं,” ते म्हणाले. “फक्त नवरदेवाचा फेटा असा, की आत नवरदेव आहे का ते हाक मारून बघावं लागलं.”

मी दोघांनाही हसून दाद दिली आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. एकच गंमत दोघं वेगवेगळी येऊन सांगतात, म्हणजे मामला किती हाताबाहेर गेला असेल, असं माझ्या मनात आलं. एम. ए.ला पहिला वर्ग मिळालेल्या माणसाच्या मनात असंच येतं.

दोन-तीन दिवसांनी मला रत्नागिरीला होकार किंवा नकार कळवायचा होता. मी नकार द्यायचं ठरवलं. दुपारी घाडग्यांकडं फोन करायला निघाले. घाडग्यांच्या दाराला कुलूप होतं, म्हणून लगेच माघारी फिरले. जाताना मागच्या दारानं गेले होते, मागच्या दारानंच परत आले. दाराशी पोचले आणि पाय जागच्या जागी थांबले.

आत दोन माणसं बोलत होती.

“अहो, पाय वर घ्या, फरशी पुसतेय.”

“घेतले. अगं, पण तो फेटा... हाक मारून बघा म्हणालीस ना, तेव्हा त्याचा बाप मागंच उभा होता.”

“मग तुम्ही मला कोपरखळी मारायची होती!”

“मारली की. तू मलाच म्हणालीस, कोपर कशाला लावताय, चारचौघांत बरं दिसतं का?”

आणि दोघं हसायला लागली. सवयीचं, मुरलेलं हसू होतं ते. मग माई कुणाच्या तरी बारशाचं बोलल्या, अण्णांनी त्यांचं वाक्य मध्येच तोडलं, माईंनी ते हिसकावून परत घेतलं. एकमेकांशी बोलणं जड जाणारी माणसं अशी बोलत नाहीत. मला आधी हायसं वाटलं आणि लगेच भयंकर राग आला.

मी दार ढकललं.

आतलं बोलणं नळ बंद करावा तसं थांबलं. अण्णांचे पाय अजून खुर्चीवर होते. माई फडकं पिळत होत्या. मग माईंनी अगदी सहज आवाजात म्हटलं, “आलीस व्हय? सांग त्यांना, पाय खाली ठेवले तरी चालतील. फरशी वाळली.”

“मी नाही सांगणार!” मी ओरडलेच. त्या घरात त्याआधी मी कधी ओरडले नव्हते. “तुम्ही बोलता एकमेकांशी! आत्ता ऐकलं मी. नातेपुत्याच्या एसटीतही बोलला असाल. दीड वर्ष मला इकडून तिकडं पळवताय, ते कशासाठी?”

अण्णांनी चष्मा काढून धोतराला पुसला. “सांग तिला,” ते खालच्या आवाजात म्हणाले, “तूच सांगून टाक म्हणावं.”

“त्यांना म्हण, मी न्हाई सांगणार. युक्ती त्यांची हुती.”

“अण्णा, युक्ती तुमची होती म्हणतात,” मी म्हणाले. रागात असूनही म्हणाले. जीभ आपोआप वळली.

“सांग तिला, युक्ती माझी, पण भरीला घातलं तिनं. रोज रात्री माझं डोकं खायची. पोरगी बोलत न्हाई, पोरगी बोलत न्हाई.”

“माई, तुम्ही...” मला पुढं पोचवता येईना. “कोण पोरगी?”

माईंनी फडकं बादलीत टाकलं आणि पदराला हात पुसले. आता त्या माझ्याशीच बोलत होत्या. “कोण म्हणजे? तूच. आलीस तेव्हाची आठव. हो आणि न्हाई. भूक हाय का, हो. अजून वाढू का, न्हाई. दार लोटून बसायचीस. आई गेलेली पोर, वर्षसुद्धा झालं न्हवतं. तुझ्याशी आईचं बोलावं तर रडंल, न बोलावं तर कुढंल. काय करावं ते मला सुचंना. मग हे म्हणले, तिला काही विचारू नकोस. तिला विचारायला पाठव.”

“स्टँडावर नवा पोरगा आला की मी हेच करायचो,” अण्णा म्हणाले. “बुजरा असला की त्याला माईक द्यायचा. गाडी दुसऱ्याची, वेळ दुसऱ्याची, त्याला काय घाबरायचंय? आठवड्यात गडी मोकळा.”

“पहिल्या दिवशी तुला म्हणलं, जा, त्यांना विचार भाजी कुठली करू,” माई म्हणाल्या. “तू गेलीस, विचारलंस, परत आलीस. ‘दोडका’ म्हणालीस. एवढा एकच शब्द. मी दोडका चिरता चिरता रडले.”

मला तो दोडका आठवला. त्या दिवशी निरोप दिल्यावरही मी पहिल्यांदा न बोलावता स्वयंपाकघरात उभी राहिले होते, हेही आठवलं. पुस्तकातला त्रिकोण मी या दोघांवर नीट बसवून बघितला होता. आजारी माणूस कोण, हे तेवढं माझं चुकलं होतं.

“पण मी तर केव्हाच बोलायला लागले होते,” मी म्हणाले. “मग थांबला का नाहीत?”

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. माई जरा लाजल्यासारख्या झाल्या. “तू निरोपात तुझं घालायला लागलीस. ह्यांनी म्हणावं ‘कारलं नको’, आणि तू येऊन म्हणावंस, ‘माई, कारल्याचं नाव काढलं तर अण्णा बॅग भरतायत.’ आमचं आमचं बोलणं काय, ते शिळं झालंय. तुझ्या तोंडनं ऐकलं की ताजं लागायचं. मग राहूनच गेलं थांबायचं.”

“आम्हाला चांगलं वाटायचं,” अण्णा म्हणाले.

मी मटकन पाटावर बसले आणि रडले. आई गेल्यावर इतके दिवस जे रडले नव्हते, ते सगळं त्या पुसलेल्या फरशीवर रडले. माई शेजारी बसून माझ्या पाठीवर थापटत राहिल्या. त्यांनी गप्प बस म्हटलं नाही, की उगी उगी म्हटलं नाही.

माझं रडणं ओसरल्यावर त्या म्हणाल्या, “आता माझं एक ऐक. आमचा निरोप्या तू झालीस, ते ठीक. पण तू माझ्या लेकाला का निरोप्या केलंस?”

“म्हणजे?”

“रोज दारात येतोय. ‘आई, वैजू म्हणत होती’, आणि लाडू लाडू करत पळतोय. तुला काहीतरी सांगायचंय, आणि तू त्याला पुढं केलंयस. त्याला येतंय का काही सांगायला? लहानपणी ताप आला तरी शेजारच्या पोराकरवी कळवायचा.”

अण्णा खुर्चीत हसले. मलाही रडता रडता हसू आलं. गच्चीवर काढलेल्या त्रिकोणात मी नवऱ्याला बाहेर उभं केलं होतं, आणि खरं तर त्याला मधोमध उभं करून स्वतः मागं लपले होते.

“सांग,” माई म्हणाल्या. “तुझ्या तोंडानं.”

मी डोळे पुसले. सोपं होतं ते वाक्य, आणि तरी दुसऱ्या कुणाचं तरी असतं तर बरं झालं असतं असं वाटलं. “मला रत्नागिरीला नोकरी मिळालीय. कॉलेजात शिकवायची. दिवाळीनंतर जावं लागेल, हे बदली घेऊन मागनं येतील.” एवढं सांगून मी थांबले, कारण ही नुसती बातमी झाली होती. “मला जायचंय, माई. मला ती नोकरी फार हवी आहे. आणि तुम्हाला सोडून जायचं माझ्या जिवावर आलंय.”

माईंचा पाठीवरचा हात थांबला.

“मला न्हाई आवडलं,” त्या म्हणाल्या. “खोटं कशाला बोलू? तू गेलीस की मला ह्या घरात करमायचं न्हाई. एवढंसं घरसुद्धा मला खायला उठंल. पण तू जा. मी न्हाई आवडलं म्हणते म्हणून थांबू नकोस. थांबलीस तर मला जास्त वाईट वाटंल.” आणि बोलता बोलता त्यांचा चेहरा रडवेला झाला, त्यांनी पदर तोंडाशी धरला.

मी अण्णांकडं बघितलं. त्यांनी घसा साफ केला. मला वाटलं, आता ते मला काहीतरी पोचवायला सांगणार, आणि मी ऐकायला सावरून बसले. पण ते माझ्याकडं बघतच नव्हते. ते खुर्चीतून उठले, माईंच्या समोर येऊन गुडघ्यांवर हात टेकून वाकले, आणि दीड वर्षात पहिल्यांदा माझ्या देखत त्यांच्याशी बोलले.

“रडू नकोस गं,” ते म्हणाले. “तू रडलीस तर ती जायची नाही.”